अक्काच्या पिशवीतली ट्यूब

माझ्या मुलीच्या तोंडावर पुटकुळ्या यायला लागल्या तेव्हा ती अकरावीत होती, आणि जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत त्या विषयावर मत नसलेला एकही माणूस नव्हता. शुद्ध मराठीत त्यांना तारुण्यपीटिका म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला त्याला त्या स्वतःला कधी आल्या नसाव्यात. समोरच्या काकूंनी केळीची साल चोळायला सांगितली. आमच्याकडे केळीला तोटा नाही, त्यामुळे सालीलाही नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहतात. त्यांच्या मते जगातले सगळे रोग पोटातून निघतात आणि पोट साफ करण्याचा अनुभव त्यांना दांडगा आहे. कोणी टूथपेस्ट म्हणालं, कोणी मुलतानी माती. एकीने तर मुलीच्या देखतच सांगून टाकलं, "लग्न झालं की जातात आपोआप." सतरा वर्षांच्या पोरीसाठी हा काय दिलासा होता ते ती बाईच जाणे.

मुलीने यातलं बरंच काही करून पाहिलं आणि मग फोटो काढून घेणं बंद केलं. घरातल्या कुठल्याही कार्यक्रमात ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहायची. तिला फोटो काढायची आवड आहे असा आमचा बरेच दिवस समज होता.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वाचणं हा माझा धंदा असल्यामुळे मला वाटायचं की आपल्याला कोणी सहज फसवू शकत नाही. एका संध्याकाळी घरी येताना मी मेडिकलच्या दुकानात थांबलो आणि म्हणालो, "मुलीला पिंपल्स आहेत, काही चांगलं द्या." दुकानदाराने एक पांढरी ट्यूब काढून काचेवर ठेवली. "सगळे हीच नेतात, सर." पुस्तकांच्या बाबतीत 'सगळे हेच नेतात' असं कोणी म्हटलं की माझा संशय बळावतो. ट्यूबच्या बाबतीत बळावला नाही. मी ती घेऊन आलो.

चार दिवसांत मुलीचा चेहरा असा उजळला की काकूंनी केळीच्या सालीचं श्रेय घेतलं. मुलगी हसायला लागली. दोन महिन्यांनी ट्यूब संपली, दुसरी आणायला चारपाच दिवस उशीर झाला, आणि त्या चारपाच दिवसांत जे तिच्या तोंडावर उमटलं ते मी पुन्हा पाहू इच्छित नाही. कातडी लाल, पातळ, त्यावर पुळ्यांचा सडा. घाम आला तरी आग व्हायची, आणि जळगावात घाम यायला निमित्त लागत नाही.

बायकोचं माहेर धुळ्याचं. तिकडे तिच्या भावाने एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं आणि आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाईंनी मुलीचा चेहरा भिंगातून पाहिला आणि विचारलं, "काय लावत होतीस?" मुलीने रिकामी ट्यूब पुढे केली. बाईंनी ती दोन बोटांत धरून मला दाखवली.

"ही कोणी दिली?"

"मेडिकलवाल्याने."

"तो डॉक्टर आहे?"

"नाही."

"तुम्ही काय करता?"

"ग्रंथपाल आहे."

"मग वाचता तरी येत असेल. यात स्टेरॉइड आहे, आणि ते यावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे."

माझ्या नोकरीत मला एवढं नेमकं कोणी कधी बोललं नव्हतं.

ती क्रीम उतरवायलाच काही महिने गेले. बाईंनी ते सावकाश केलं. त्यानंतर मुलीला त्यांनी एक जेल लिहून दिली आणि ती कशी लावायची हे सांगायला जेवढा वेळ घेतला तेवढा वेळ मला माझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरने अख्ख्या जन्मात दिलेला नाही. रात्री, तोंड साध्या साबणाने धुऊन, पुसून, पूर्ण कोरडं झाल्यावर. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढी. पुटकुळीवर टिकल्या ठेवायच्या नाहीत, सगळीकडे पातळ पसरवायची. डोळे, ओठ आणि नाकाचे कोपरे सोडून. सुरुवातीला एक दिवसाआड. आग झाली तर अजून कमी, आणि बाईंना फोन. सोबत मॉइश्चरायझर. सकाळी बाहेर पडताना सनस्क्रीन. ब्लीच, वॅक्स, स्क्रब चेहऱ्यावर बंद. आणि शेवटी, अगदी रेशनकार्डावरची माहिती विचारावी तशा आवाजात: "लग्न ठरलं, मूल होण्याचा विचार आहे किंवा दिवस गेले असं काही असेल, तर ही लावण्याआधी मला सांगायचं. आणि ही तुझी आहे. बहिणीची नाही, मैत्रिणीची नाही."

मी मान डोलावली आणि जेलच्या खोक्यातला घडी घातलेला कागद खिशात टाकला. मुलीने तो तिथेच मागून घेतला.

त्या कागदाची पंधरा घड्या उलगडल्यावर होणारी चादर आमच्यापैकी कोणीही आजवर वाचलेली नव्हती. आमच्या घरात औषधाचा कागद उलगडतो तो फक्त परत खोक्यात घालता येत नाही म्हणून. मुलीने तो पेन घेऊन वाचला. मग कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला. त्यावर वारांना खुणा होत्या. पहिल्याच दिवशी घरात वाद झाला तो वाटाण्यावरून. बायको म्हणाली सुका वाटाणा, मी म्हणालो भिजवलेला, कारण कोणी माणूस सुक्या वाटाण्याला वाटाणा म्हणत नाही. मुलीने आमच्याकडे पाहिलं आणि धुळ्याला फोन लावला. पलीकडून बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की आम्हाला ऐकू आलं. ताजा आणि मध्यम, असा निकाल लागला.

नंतर बायकोच्या नव्या निळ्या टॉवेलवर पांढरे डाग पडले. बायकोने साबण बदलला, मग पाण्याला दोष दिला, मग मला. मुलगी म्हणाली, "त्या जेलमुळे कापडाचा रंग उडतो. कागदावर आहे." त्या दिवसापासून तिची उशी आणि टॉवेल पांढरे झाले.

तिसऱ्या आठवड्यात पुटकुळ्या वाढल्या. ओठांच्या बाजूची कातडी सुटायला लागली. एका संध्याकाळी ती न्हाणीघरातून रडून बाहेर आली तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "सोडून दे. आपण दुसरं काही बघू."

"आधी वाढतात, असं बाई म्हणाल्या होत्या. आणि बारा आठवडे म्हटलंय, पप्पा. तीन झाले."

तिने बाईंना फोन केला. त्यांनी दिवस कमी करून दिले, मॉइश्चरायझर आधी लावायला सांगितलं, आणि ही पुन्हा तक्त्यावर खुणा करू लागली. मी आयुष्यात ज्यांना शिस्तप्रिय म्हणून सत्कारात शाली दिलेल्या पाहिल्या, त्यांतला एकही माणूस बारा आठवडे फळ न दिसता काही करत राहिला असता असं मला वाटत नाही. उन्हाचा तर प्रश्नच नव्हता. आमच्याकडे मार्च लागला की स्कूटीवरची प्रत्येक मुलगी डोळ्यांपुरती उघडी असते. नवखा माणूस दरोडेखोरांच्या गावात आल्यासारखा दचकतो. फरक एवढाच, की आमची मुलगी ओढणीच्या आतही सनस्क्रीन लावायची.

सहाव्या महिन्यात तिने वर्गातल्या मैत्रिणींबरोबरचा एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नव्हतं. मी तो फोटो मोठा करून पाहिला, बायकोने पाहिला, आणि आम्ही दोघांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बोललो असतो तर तिने पुन्हा कॅमेरा हातात घेतला असता.

हे सगळं सांगितलं ते मी पुढे काय केलं याची लाज नीट मोजता यावी म्हणून.

माझी थोरली बहीण पारोळ्याला दिलेली आहे. तिला सगळे अक्का म्हणतात, तिचा नवराही. मागच्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि अक्का पत्रिका घेऊन आमच्याकडे आली. पत्रिका पुठ्ठ्याची होती, तिला खिडकी होती, खिडकीला पडदा होता. मी ती उघडायला लागलो तर अक्का म्हणाली, "हळू, फाटी जाई." बायको शिक्षिका आहे, ती शाळेत होती. मुलगी तेव्हाच कॉलेजमधून आली, फुईच्या पाया पडली, म्हणजे आत्याच्या. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. पाणी पिऊन ती क्लासला गेली. अक्का तिच्याकडे दारातून नाहीशी होईपर्यंत पाहत राहिली.

"भाऊ, तुनी पोरनं तोंड कसं चकाचक व्हई गयं! काय लावस ती?"

"एक जेल आहे. डॉक्टरांनी दिलेली."

"मंग दे ना एक. आमनी पोरले बी दोनचार पुटकुळ्या शेत. पंधरा दिनवर लगीन शे."

"अक्का, ती प्रत्येकाला चालत नाही. डॉक्टरला दाखवावं लागतं."

अक्काने पदर सावरला. तिने पदर सावरला की आमच्या वडिलांचाही आवाज खाली यायचा. "बहिनले रिकाम्या हातनी धाडशी का?"

आता हे बाहेरच्या माणसाला कळणं कठीण आहे. माहेरी आलेली बहीण रिकाम्या हाताने परत जात नाही. ही काही चाल नव्हे, हा गुरुत्वाकर्षणाचा नियम आहे. तिच्या पिशवीत मी आधीच नारळ घातला होता, ब्लाऊजपीस घातला होता, बायकोने केलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, डबा घातला होता. पिशवी भरलेली होती. पण बहिणीने एक वस्तू नाव घेऊन मागितली आणि ती घरात आहे, तर बाकी सगळी पिशवी रिकामीच. कपाटात त्याच आठवड्यात आणलेली नवी कोरी ट्यूब होती. कपाटाच्या दाराला आतून तो तक्ता होता. मी दार उघडलं, तक्त्याकडे न बघता ट्यूब घेतली, आणि बिबड्यांच्या डब्यावर ठेवली.

सूचना दिल्या. दिल्या नाहीत असं नाही. "अक्का, वाटाण्याएवढीच. एक दिवसाआड. कोरड्या तोंडावर."

"हो रे हो," अक्का म्हणाली आणि तेवढ्यात तिला मंडपवाल्याचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी मी तशीच ट्यूब आणून कपाटात ठेवली. मुलीला काही कळलं नाही. माणूस चोरी करतो तेव्हा निदान काहीतरी मिळवतो. मी फक्त पुरावा मिटवण्याची व्यवस्था केली.

लग्नाच्या तीन दिवस आधी आम्ही पारोळ्याला पोचलो. गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर शुभेच्छुक म्हणून एवढे चेहरे होते की नवरानवरी शोधावे लागत होते. त्यात मामा म्हणून मीही होतो. फोटो माझ्या ओळखपत्रावरचा घेतला होता, त्यामुळे भाचीच्या लग्नाचा मला जबर धक्का बसल्यासारखा दिसत होतो. हळदीला सगळ्यांनी पिवळं घालायचं, ड्रोन येणार, फुलांच्या पाकळ्या उडवायची तोफ येणार, असं ओट्यावरच कळलं.

भाची मात्र दिसेना. ती आतल्या खोलीत ओढणी तोंडावर घेऊन भिंतीकडे बघत बसली होती. मुलगी तिच्याजवळ गेली. मी दारातच उभा राहिलो.

"ताई, काय झालं?"

भाचीने ओढणी बाजूला केली. भर उन्हात आठ दिवस राबलेल्या माणसाचा असावा तसा चेहरा झाला होता, लालभडक. नाकाच्या आणि ओठांच्या कडेने कातडी सुटली होती. गालावर हात लागला तर ती मागे सरकत होती.

"काय लावलंस?"

भाचीने उशीखालून ट्यूब काढली. अर्ध्याहून जास्त पिळून झालेली. लवकर फरक पडावा म्हणून तिने ती सकाळ-संध्याकाळ लावली होती, लोण्यासारखी जाड. त्यावर काल पार्लरवालीने घरी येऊन ब्लीच केलं होतं.

मुलीने ट्यूब उलटसुलट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"पप्पा, तुम्ही दिलीत?"

"हो."

"कागद दिलात?"

"खोकं घरीच राहिलं."

"तुम्हाला बाईंनी समोर बसवून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"अक्काने मागितली."

तिने ट्यूब स्वतःच्या पर्समध्ये टाकली, भाचीला खिडकीजवळ बसवून तिचे दोन फोटो काढले, धुळ्याच्या बाईंना पाठवले आणि फोन लावला. बाईंनी भाचीशीच बोलायला मागितलं. डोळे सुजलेत का, ओठ सुजलेत का, फोड आलेत का, श्वासाला त्रास होतो का. यातलं काहीही झालं तर तडक दवाखाना. सध्या सगळं बंद. कोमट नाही, साधं पाणी, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, ऊन नाही, आणि चेहऱ्यावर दुसरं काही म्हणजे काहीही लावायचं नाही. उद्या सकाळी पारोळ्यातल्या डॉक्टरांना दाखवा, मी त्यांच्याशी बोलते. मग त्यांनी एक प्रश्न विचारला असावा, कारण भाची हळू आवाजात "नाही" म्हणाली. फोन ठेवल्यावर मुलगी तिला म्हणाली, "ताई, लग्नानंतर सुद्धा ही लावायची नाही. मूल हवं असेल तेव्हा तर अजिबात नाही. तुला काय चालेल ते बाई तुला बघून सांगतील." माझ्या मुलीने हे एवढ्या सरळ सांगितलं की मी अंगणात निघून गेलो.

परत आलो तेव्हा खोली भरली होती. मावश्या, चुलत्या, जावा, शेजारणी. अक्का मध्ये उभी होती आणि तिच्या हातात मेडिकलच्या दुकानातून आणलेली एक पांढरी ट्यूब होती. मी ती दारातूनच ओळखली.

"हाई लाव. दोन दिनमा तोंड दुधनामायक व्हई जाई. मेडिकलवालानी सांगं."

"फुई, ही नाही लावायची."

"कसाले?"

"आत स्टेरॉइड आहे. डॉक्टरने दिल्याशिवाय लावत नाहीत."

"तू डॉक्टर शे का?" अक्काचा आवाज चढला. "परवा हळद शे. बठ्ठं गाव येई. पोरनं तोंड असं दखाडू का लोकस्ले?"

एक चुलती म्हणाली, "लावू दे वं, दोनच दिवस तर लावायची." दुसरी म्हणाली, "आजकालच्या पोरींना फार कळतं." भाची त्या ट्यूबकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळत होतं, कारण तेच मी तीन वर्षांपूर्वी माझ्या घरात पाहिलं होतं: चार दिवस पुरे, पण आत्ता.

माझी मुलगी चारचौघांत कमी बोलते. चेहऱ्याचा विषय निघाला की ती उठून जाते. ती आत्ताही जाईल असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर, मी अक्काशी बोलायला तोंड उघडतच होतो. कितपत बोललो असतो देव जाणे.

तिने फोन काढला. त्यात बोटाने बरंच खाली गेली आणि तो अक्काच्या समोर धरला.

"ही मी आहे, फुई."

तो फोटो मी कधी पाहिला नव्हता. सगळे फोटो तिने काढून टाकलेत असा माझा समज होता. हा एक तिने ठेवला होता.

"ही हीच क्रीम. दोन महिने लावली. खूप छान दिसत होते मी. मग बंद केल्यावर हे झालं. हे जायला किती महिने गेले ते मम्मीला विचारा." तिने फोन शेजारच्या बाईच्या हातात दिला. "बघा. मोठा करून बघा."

फोन एकीकडून दुसरीकडे गेला. सतरा वर्षांच्या वयात ज्या चेहऱ्यापायी ती कॅमेऱ्यामागे लपत होती, तो चेहरा पारोळ्याच्या तेरा-चौदा बायकांनी बोटांनी मोठा करून पाहिला आणि ती तिथेच उभी राहिली. आजवर मी अनेक व्याख्यानांना हजेरी लावली आहे. हारतुरे, दीपप्रज्वलन, वक्त्याचा परिचय वक्त्यापेक्षा लांब. समोरच्यांचं मत खरोखर बदललेलं मी त्या एका दुपारी पाहिलं, आणि तिथे माईकही नव्हता.

फोन सगळ्यात शेवटी अक्काकडे आला. तिने तो लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडे वळली.

"भाऊ, हाई तुले मालूम व्हतं?"

"होतं."

"आन तरी तू माले ती दुसरी ट्यूब दिधी?"

"तू मागितलीस, अक्का."

"मी कुवामा उडी मार म्हनसू तं मारशी का?"

बायका हसल्या. माझा तेवढा हिशेब चुकता झाला, आणि तो होणं रास्त होतं. अक्काने पांढरी ट्यूब कनवटीला लावली. ती परत दुकानात गेली की नाही मला ठाऊक नाही, पण चेहऱ्याकडे गेली नाही.

राहिली हळद. दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या डॉक्टरांनी भाचीला तपासलं, धुळ्याच्या बाईंशी बोलले आणि तेच सांगितलं: चेहऱ्याला काहीही नाही. भाचीची लाली उतरत होती, पण कातडी अजून कोवळी होती. आणि हळद म्हणजे काही कुंकवाचं बोट नव्हे. आमच्याकडे हळद चोळतात. त्यात आता पॅकेटमधली रंगीत पूड आली आहे, अत्तर आलं आहे, आणि ड्रोनला दिसावं म्हणून ती मूठमूठ फेकतात. हळदीच्या दिवशी सकाळी मुलगी अक्काजवळ गेली. मी जवळच पत्रावळी मोजण्याचं सोंग करत बसलो.

"फुई, हळद हातापायांना लावू या. तोंडाला नको."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हणू दे."

"तुले काय, तू परवा निंघी जाशी. माले आठेच ऱ्हानं शे."

अक्का खरं बोलत होती. मुलगी एवढंच म्हणाली, "फुई, ताईला आत्ता नुसतं पाणी लागलं तरी झोंबतंय. तुम्ही एकदा तिच्या गालाला हात लावून बघा."

अक्का उठून आत गेली.

संध्याकाळी मंडप पिवळा झाला. मी सुद्धा पिवळा सदरा घातला होता आणि त्यात मी पिकलेल्या केळ्यांच्या फण्यासारखा दिसतो असं बायकोचं मत होतं. भाची पाटावर बसली. पहिली हळद लावायला गावातली सगळ्यात वडील म्हातारी पुढे झाली. तिने वाटीत चार बोटं बुडवली आणि हात सरळ गालाकडे नेला. माझी मुलगी भाचीच्या मागे उभी होती. तिने पाऊल पुढे टाकलं. पण त्याआधीच अक्काने म्हातारीचं मनगट धरलं, हळूच खाली आणलं आणि भाचीच्या पायांवर ठेवलं.

"आमना घरमा तोंडले हळद लावतस नही, आजी."

"हाई कवयपासून?"

"पह्यलेपासून," अक्का म्हणाली.

अक्काच्या लग्नापासून मी त्या घराण्याला ओळखतो. अक्काच्या स्वतःच्या हळदीत तिचे डोळे तेवढे दिसत होते. परंपरा शेकडो वर्षांच्या असतात असं पुस्तकांत वाचलं होतं. एक माझ्या डोळ्यांसमोर जन्मली आणि तिला रांगायलाही वेळ लागला नाही. पाच मिनिटांत चुलत्या येणाऱ्या प्रत्येकीला बजावू लागल्या, "पायांना, पायांना. त्यांच्याकडे तसंच असतं." ड्रोन वरून भिरभिरत राहिला. त्याला बहुधा काहीच वावगं दिसलं नाही.

लग्नात पार्लरवालीचा मेकअप अर्ध्यावर थांबवला गेला. भाचीच्या गालांवर थोडी लाली उरली होती आणि जमलेल्या मंडळींनी ती लाजेची समजून घेतली. वरण-बट्टीच्या पंगतीत नवऱ्याकडच्या एक वयस्क बाई अक्काच्या शेजारी बसल्या होत्या. मी वांग्याची भाजी वाढत होतो. बाईंनी समोर, भाचीच्या शेजारी उभ्या असलेल्या आणि ओढणीने तिच्यावर ऊन येऊ न देणाऱ्या माझ्या मुलीकडे बोट दाखवलं.

"ती पोरगी कोण? सारखी नवरीच्या तोंडाला कोणाला हात लावू देत नाही. डॉक्टर आहे का?"

"डॉक्टर नही," अक्का बट्टी कुस्करत म्हणाली. "मना भाऊनी पोर शे. ती कोनंच आयकत नही."

अक्का हे ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात ती आजवर फक्त आपल्या पोरांबद्दल बोललेली मी ऐकलं आहे. मी तिच्या पानात भाजी वाढली, तिने मागितली नसतानाही दुसऱ्यांदा वाढली, आणि पुढच्या पानाकडे गेलो.